आठ महिने वापरल्यावर: खोटं बोलत होता मीटर, भांडलो मी बॅटरीवाल्याशी

पुण्याच्या तापकीर गल्लीतून ३८० रुपयांना घेतलेला, पिवळ्या रबरी कव्हरचा साडेतीन डिजिटवाला (१९९९ पर्यंत आकडे दाखवणारा) मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट, ओहम वगैरे मोजायचं यंत्र. पहिल्या महिन्यात पाचपैकी पाच तारे दिले असते, सातव्यात शून्य.

झालं असं, की घरचा इन्व्हर्टर वीस मिनिटांत मान टाकायला लागला. बॅटरी रात्रभर सुटी ठेवून सकाळी मोजली, तर १२.९४ व्होल्ट. म्हणजे काठोकाठ भरलेली. मग बॅटरीतच खोट आहे असं ठरवून, वॉरंटी कार्ड घेऊन दुकानात गेलो आणि आवाज चढवला. त्या माणसाने काही न बोलता हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी) बुडवला, बॅटरीच्या सगळ्या कप्प्यांना ११९० च्या आसपास. मग स्वतःचा मीटर लावला, १२.२४. "साहेब, बॅटरी अर्धीच चार्ज आहे. आधी तुमचा मीटर बघा." टर्मिनलवर पांढरा थर साचून चार्जिंग नीट होत नव्हतं, एवढंच निघालं. बॅटरीचं प्रकरण तिथेच मिटलं.

मीटर जिथून घेतला तिथे कॅलिब्रेशनला, म्हणजे आकडा तपासून बरोबर करून घ्यायला, नेला. "चारशेच्या मीटरला कॅलिब्रेशन? नवीन घेऊन टाका." हे वाक्य मला लागलं. आमच्याकडे मिक्सर अठरा वर्षांचा आहे.

आधी प्रोब, म्हणजे मोजायला लावायच्या टोकदार वायरी. वायर हलवत दोन्ही टोकं एकमेकांना लावून बघितलं, आकडा स्थिर. मग १० के चा (दहा हजार ओहमचा, फार तर एक टक्का इकडेतिकडे) रेझिस्टर लावला, ९.९८ के. इथे डोक्यात उजेड पडला. ओहम मोजताना असा मीटर अनोळखी रेझिस्टरची आतल्या ठरलेल्या रेझिस्टरशी तुलना करतो, त्यामुळे आतला संदर्भ व्होल्टेज (ज्याच्याशी ताडून मीटर व्होल्टचा आकडा काढतो) थोडा घसरला तरी बिघडत नाही. व्होल्ट मोजताना मात्र सगळी मदार त्या संदर्भावरच. ओहम बरोबर आणि व्होल्ट चूक, तर चोर संदर्भात.

आणि संदर्भ का घसरला? नऊ व्होल्टच्या सेलमुळे. मीटरसोबत फुकट आलेला सेल मी पुरवून पुरवून वापरत होतो. मेहुण्याच्या कारखान्यातला कॅलिब्रेशनचं स्टिकर असलेला मीटर रविवारपुरता मागून आणला आणि आमचा मीटर चालू असताना त्याचा सेल मोजला: ६.६ व्होल्ट. मीटरच्या आतल्या या ७१०६ जातीच्या आयसीला पुरवठा सात व्होल्टच्या खाली गेला की संदर्भ धरून ठेवता येत नाही. संदर्भ खाली येतो आणि स्क्रीनवरचा आकडा वर जातो. म्हणजे सेल मरायला लागला की मीटर जगातल्या सगळ्या बॅटऱ्या ठणठणीत दाखवतो!

माझा खरा राग इथे आहे. सेल उतरला की स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह येईल असं माहितीपत्रकात छापलंय. कुठे आहे चिन्ह? आठ महिन्यांत एकदाही नाही. आकडा चुकला तर समजू शकतो, पण सांगायला ठेवलेला पहारेकरीच झोपला तर? या एका चिन्हासाठी मी शून्य तारे लिहून तयार होतो.

नवा अल्कलाइन सेल घातला (किंमत सांगत नाही, मीटर लाजेल). आता मेहुण्याचा मीटर १२.२४ दाखवतो तिथे आमचा १२.४६. अजून १.८ टक्के जास्त, आणि अचूकतेचं वचन ०.५ टक्के अधिक शेवटच्या जागी तीन अंक. २०० मिलिव्होल्टच्या रेंजवरही, जिथे व्होल्ट विभागले जात नाहीत, तेवढीच टक्केवारी, म्हणजे मोठे व्होल्ट विभागणारे डिव्हायडरचे रेझिस्टर निर्दोष. प्रोब काढले, मागचं झाकण उघडलं, प्रीसेट (संदर्भ जुळवायचा छोटा स्क्रू) केसभर फिरवला. केसभर म्हणजे खरंच केसभर, जरा जास्त झालं की आकडा उडी मारतो. मेहुण्याच्या मीटरशी जुळल्यावर वरून नेलपॉलिशचा थेंब.

इथे थांबायला हवं होतं. पण चिन्ह डोक्यात होतं. बोर्ड उचलला आणि नॉबखालचे दोन छर्रे स्प्रिंगसकट उडाले. एक ताटात पडला, एक कपाटाखाली. डिस्प्लेची झेब्रा स्ट्रिप (डिस्प्ले बोर्डाला जोडणारी रबरी पट्टी) बाहेर काढली, तर एका टोकाला तेलकट मळ. आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्ट्रिप आणि बोर्डावरचे पट्टे पुसले, जोडलं, मुद्दाम जुना सेल लावला. डाव्या कोपऱ्यात चिन्ह! पहारेकरी झोपला नव्हता, बिचाऱ्याचं तोंड बांधलेलं होतं.

तेव्हा शून्य मागे घेतो, साडेतीन तारे. वर छापलेल्या सुरक्षेच्या रेटिंगवर मात्र माझा विश्वास नाही. भिंतीतल्या २३० ला हा मीटर मी लावत नाही, आणि १० अँपियरच्या सॉकेटला आत फ्यूजच नाही हे उघडल्यावर दिसलं.

दुसरा छर्रा अजून सापडलेला नाही. नॉब एकावरच फिरतोय, थोडा ढिला. कपाट सरकवायला दोन माणसं लागतात.