एटिमऑनलाईनवर आधी मुंगूस शोधा

इंग्रजी शब्द कुठून आला हे फुकटात बघायचं तर डग्लस हार्पर यांनी उभं केलेलं एटिमऑनलाईन हे संकेतस्थळ फार कामाचं आहे. मोबाइलवर उघडतं, शब्द शोधायला लॉगिन लागत नाही.

सोलापूरकरांनी सुरुवात ‘मंगूज’पासून करावी. आपलं मुंगूसच इंग्रजीत गेलंय. तेलुगूत ते मुंगिस, कन्नडमध्ये मुंगुसि; तिन्ही भाषा एका गल्लीत ऐकणाऱ्या पोराला हा शब्द घोकावा लागत नाही. अनेकवचन ‘मंगूजेस’च का, तेही कळतं: ‘गूज’ या पक्ष्याशी त्याचं काही नातं नाही, त्यामुळे ‘गीज’सारखं रूप होत नाही.

खरा खजिना मुळांच्या नोंदींत आहे. ‘टेक्स्टाइल’ टाका. माग सापडतो लॅटिन ‘टेक्सेरे’चा, म्हणजे विणणे. टेक्स्ट, टेक्श्चर, कॉन्टेक्स्ट, प्रीटेक्स्ट सगळे त्यातलेच. मागावरचा ताणा-बाणा पाहिलेल्या मुलाला ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणजे एकत्र विणलेलं, हे एकदा सांगितलं की पुरतं. मुळावर टिचकी मारली की संस्कृत ‘तक्ष्’ही भेटतो, घडवणे या अर्थाचा.

एका बैठकीला एकच मूळ घ्या, त्यातले पाच-सहा शब्द. वहीत शब्दाचे तुकडे, तुकड्यांचे अर्थ, आजचा अर्थ आणि स्वतः केलेलं एक वाक्य लिहा. वाक्य टाळलं की शब्द वाचताना ओळखू येतो, बोलताना आठवत नाही.

नोंदी वाचताना मुलं दोन-तीन ठिकाणी हमखास अडकतात. ‘14सी’ म्हणजे 14वं शतक, 1301 ते 1400. ते 1400च्या पुढचं समजू नका. शिवाय ते साल लेखी पुरावा सापडल्याचं, शब्द जन्मल्याचं नव्हे. मुळाआधी तारा-चिन्ह असेल तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, भाषांची तुलना करून मांडलेलं आहे.

सगळ्यात मोठी चूक मात्र सारखी अक्षरं बघून एकच मूळ धरण्याची. ‘पेडेस्ट्रियन’मधलं पेड लॅटिन, म्हणजे पाय, आपल्या ‘पद’चं भावंड. ‘पीडियाट्रिशियन’मधलं ग्रीक, म्हणजे मूल. स्पेलिंग तेच, घराणी दोन. म्हणून नुसत्या तुकड्यावर जाऊ नका, दोन्ही शब्द वेगवेगळे शोधा. ‘न्यूज’ चार दिशांच्या आद्याक्षरांवरून आला, हा व्हॉट्सअॅपवरचा दावाही इथे तपासा: तो ‘न्यू’चं अनेकवचन आहे.

समजावणी सगळी इंग्रजीत, तीही दाट. मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या मुलांजवळ सुरुवातीला मोठं कुणीतरी बसायला हवं. आणि शेजारी नेहमीचा शब्दकोश उघडा ठेवा, कारण मूळ अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. ‘नाइस’ ज्या लॅटिन शब्दातून आला, त्याचा अर्थ होता अडाणी.