तीन मिनिटांचा विरह की नव्वद कार्डं? भावबंधाच्या दीर्घ अभ्यासासाठी पद्धत निवडताना

बाळाचा आईशी असलेला भावबंध, म्हणजे अटॅचमेंट, एकदा तपासणं जमून जातं. तोच दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासायचा झाला की पंचाईत होते, कारण वर्षाच्या बाळाची कसोटी चार वर्षांच्या मुलाला चालत नाही. म्हणून पहिल्या फेरीची पद्धत ठरवतानाच शेवटच्या फेरीचा विचार करावा लागतो.

‘स्ट्रेंज सिच्युएशन’ ही मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये बसवलेली पद्धत साधारण १२ ते १८ महिन्यांच्या बाळांसाठी आहे. अनोळखी खोली, थोडी खेळणी आणि आठ प्रसंग. पहिला जेमतेम मिनिटभराचा, बाकीचे सुमारे तीन मिनिटांचे. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. नवशिके विरहात बाळ किती रडलं यावर लक्ष ठेवतात, पण खरे गुण असतात ते आई परतल्यानंतरच्या वागण्याला. जवळ येणं, बिलगून राहणं, टाळणं आणि चिडून प्रतिकार करणं यांना प्रत्येकी ७ गुणांची पट्टी. त्यावरून सुरक्षित, टाळणारा आणि प्रतिकार करणारा असे गट पडतात. विस्कळीत गटासाठी, म्हणजे ज्यांच्या वागण्यात ठरलेली रीतच दिसत नाही अशा बाळांसाठी, वेगळी ९ गुणांची पट्टी आहे. त्याच्या खुणा, उदाहरणार्थ जागीच थिजणं, काही सेकंदांत होऊन जातात. कॅमेऱ्यात दार आणि बाळाचा चेहरा दोन्ही आले नाहीत, तर चित्रीकरण जवळपास वाया जातं.

बाळ आकांत करत असेल तर विरह लगेच आवरता घ्यायचा. सापोरोतल्या ६० बाळांच्या जपानी अभ्यासात टाळणारं एकही बाळ सापडलं नाही, सुमारे एक तृतीयांश बाळं प्रतिकार गटात गेली. एकटं राहण्याची सवयच नसलेल्या बाळांवर या प्रसंगांचा ताण जास्त पडतो. आपल्याकडे जे बाळ दिवसभर आजी, काकू, आत्या यांच्या कडेवरून फिरतं, त्याच्याबाबतही हा धोका धरून चालावं. शिवाय आजी मुख्य सांभाळणारी असेल तर तिच्यासोबत वेगळी चाचणी घ्यावी लागते, आणि तीही लगोलग नाही. एन्सवर्थ यांच्याच गटाने दोन आठवड्यांनी पुन्हा घेतली, तेव्हा बाळं आधीच धास्तावलेली होती आणि टाळण्याचा नमुना बराचसा पुसला गेला.

एव्हरेट वॉटर्स आणि कॅथलीन डीन यांनी १९८५ साली मांडलेला क्यू-सॉर्ट, म्हणजे वर्णनांची कार्डं क्रमाने लावण्याची पद्धत, घरीच होतो आणि साधारण १ ते ५ वर्षं चालतो. दोनेक तासांच्या भेटीनंतर निरीक्षक सध्याच्या आवृत्तीतली ९० कार्डं लावतो. प्रत्येकावर मुलाच्या वागण्याचं एक वर्णन असतं, आणि ते या मुलाला किती लागू पडतं त्या क्रमाने आधी तीन ढीग, मग त्यातून १०-१० कार्डांचे नऊ. ही मांडणी तज्ज्ञांच्या ‘आदर्श सुरक्षित मुला’च्या मांडणीशी ताडून उणे १ ते अधिक १ यांच्यामधला आकडा मिळतो. विरह नाही, रडारड नाही. पण गटही मिळत नाहीत, विस्कळीत तर नाहीच. भेटीचा वेळ टीव्हीपुढे गेला तर न दिसलेल्या वागण्याची कार्डं मधल्या ढिगात कोंबली जातात. त्यावर उपाय म्हणजे दुसरी भेट. खर्च वाचवायला आईकडूनच कार्डं लावून घेणं हा मोह आवरावा. तिच्या मांडणीत मुलाच्या स्वभावाचाच भाग जास्त उतरतो.

पाच-सात वर्षांच्या मुलांना बाहुल्यांच्या घरातल्या अर्धवट गोष्टी पुऱ्या करायला देतात, मोठ्यांची तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवून तपासतात. इथे मनातलं चित्र मोजलं जातं, समोरचं वागणं नाही. त्यामुळे निकाल बदलला तर मूल बदललं की मोजमाप, हे सांगता येत नाही. २००० साली आलेल्या वॉटर्स यांच्या अभ्यासात २० वर्षांनंतर ५० पैकी ७२ टक्के तरुण सुरक्षित-असुरक्षित या वाटणीत जिथल्या तिथे राहिले. त्याच वर्षी मिनेसोटाच्या गरीब, जोखमीच्या कुटुंबांत मात्र लक्षणीय सातत्य आढळलं नाही.

नमुना ठरवताना हे गणित करून बघा. दोन्ही वेळच्या मोजमापाची विश्वसनीयता (मोजमाप किती भरवशाचं, ० ते १) ०.७ असेल, तर दोन फेऱ्यांच्या गुणांमधला खरा सहसंबंध ०.५ असूनही हाती ०.३५ च येतो. ८० टक्के सांख्यिकीय बळासाठी, म्हणजे खरा संबंध असल्यास तो पकडण्याची ८० टक्के शक्यता राहावी म्हणून, २९ ऐवजी सुमारे ६२ मुलं शेवटच्या फेरीपर्यंत टिकायला हवीत. गळती धरून ८५-९० पासून सुरुवात करावी.

विस्कळीतपणा हाच प्रश्न असेल तर स्ट्रेंज सिच्युएशनला पर्याय नाही. ती एकदाच, नीट चित्रीकरणासह घ्या. एक ते चार वर्षांमधला चढउतार पाहायचा असेल तर प्रशिक्षित निरीक्षकाचा क्यू-सॉर्ट घ्या, आणि प्रत्येक फेरीला मागचे गुण माहीत नसलेला नवा निरीक्षक पाठवा.