हॅमिल्टन–जेफरसन की अ‍ॅडम्स–जेफरसन: आधी कुठलं भांडण वाचावं?

अमेरिका नुकती उभी राहत होती तेव्हाची ही दोन भांडणं, त्यांच्या पत्रांतून आणि लेखांतून वाचता येणारी: एक पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन आणि पहिला परराष्ट्रमंत्री जेफरसन यांचं, दुसरं दुसरा अध्यक्ष अ‍ॅडम्स आणि त्याच्यानंतर अध्यक्ष झालेला तोच जेफरसन यांचं. दोन्हींत जेफरसन आहेच, त्याच्यापासून सुटका नाही. प्रश्न एवढाच, की त्याला कुणाबरोबर वाचायचं: हॅमिल्टनबरोबर की अ‍ॅडम्सबरोबर. एक हिवाळा मोकळा आहे, एकच जोडी सांग, असं कुणी विचारलं की मी पूर्वी ‘दोन्ही छान आहेत’ म्हणून सुटायचो. ते खरं आहे, पण उत्तर नव्हे.

हॅमिल्टन आणि अ‍ॅरन बर ही जोडी मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. न्यू जर्सीत राहत असल्यामुळे वीहॉकनला, त्या द्वंद्वाच्या गावी, दोन-तीनदा जाऊन आलोय. कड्यावर हॅमिल्टनचा अर्धपुतळा आहे, गोळी लागल्यावर त्याने ज्यावर डोकं टेकलं असं सांगतात तो दगड आहे, आणि समोर हडसनपलीकडे मॅनहॅटन. 1804 साली जिथे द्वंद्व झालं ती खालची जागा मात्र पुढे रेल्वेने खाऊन टाकली. ते भांडणही मला तसंच वाटतं. शेवट जबरदस्त, पण खाली उतरून शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही.

हॅमिल्टन–जेफरसनचं तसं नाही. तिथे मुद्दे आहेत, आणि ते अजून जुने झालेले नाहीत. जून 1790 मध्ये जेफरसनच्या न्यूयॉर्कच्या घरी झालेलं जेवण घ्या. हॅमिल्टनला राज्यांची कर्जं केंद्राच्या अंगावर घ्यायची होती, काँग्रेसमधली मतं जेफरसनचा मित्र मॅडिसनकडे होती, आणि दक्षिणेला राजधानी पोटोमॅकच्या काठी हवी होती. आजचं वॉशिंग्टन शहर म्हणजे त्या जेवणाचं बिल. पुढे जेफरसन म्हणत राहिला की मला हॅमिल्टनने फसवलं. मग 1791 ची राष्ट्रीय बँक, हॅमिल्टनला हवी आणि जेफरसनला नको असलेली, आणि त्याच वर्षी सुरू झालेलं संपादक फ्रेनोचं वर्तमानपत्र. हा फ्रेनो जेफरसनच्या खात्यात वर्षाला 250 डॉलरवर भाषांतरकार होता आणि आपल्या वर्तमानपत्रातून हॅमिल्टनवर, पर्यायाने सरकारवरच, आग ओकत होता. परराष्ट्रमंत्र्याच्या पगारी माणसाने अर्थमंत्र्याला झोडपायचं! अर्थात हॅमिल्टनही धुतल्या तांदळासारखा नव्हता. त्याच्या बाजूच्या वर्तमानपत्राला अर्थखात्याची छपाईची कामं मिळत होती.

शेवटी 1792 च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष वॉशिंग्टनने दोघांना पत्रं लिहून आवरतं घ्यायची विनंती केली. दोघांनीही एकाच दिवशी, 9 सप्टेंबरला उत्तर दिलं. ती दोन उत्तरं शेजारी-शेजारी ठेवून वाचा. दोघांचाही सूर शाळेतल्या पोरांसारखा आहे: सुरुवात त्याने केली.

इतकं सगळं असून मी ही जोडी निम्म्यात का सोडली? टोपणनावांमुळे.

वर्तमानपत्रात टोपणनावाने लिहायचं ही तेव्हाची रीतच होती, मान्य. पण वाचणाऱ्याचे हाल होतात. मी वहीच्या मागच्या पानावर तक्ता केला होता. कॅटलस म्हणजे हॅमिल्टन. पॅसिफिकस म्हणजेही हॅमिल्टन. त्याला उत्तर देणारा हेल्विडियस म्हणजे मॅडिसन. इंग्लंडशी केलेल्या कराराची 1795 मध्ये बाजू घेणारा कॅमिलस, तो पुन्हा हॅमिल्टन. कॅमिलसच्या 38 लेखांची माळ मी नेटाने ओढत होतो. तेविसाव्या लेखापासून जहाजं आणि समुद्री व्यापार सुरू झाला तेव्हा वाटलं, गडी दमला बहुतेक, हात जरा वेगळा लागतोय. मागाहून कळलं की त्या 38 पैकी दहा लेख रूफस किंग या सिनेटरने लिहिले होते, आणि हे त्यातलेच. आठवडाभर समासात ‘हॅमिल्टन इथे घसरला’ असे शेरे मारत होतो, तो हॅमिल्टन नव्हताच.

आणि जेफरसनचा रकाना? कोरा. तो स्वतः वर्तमानपत्रात उतरतच नाही. जुलै 1793 मध्ये मॅडिसनला लिहितो, की देवाशपथ लेखणी उचला आणि लोकांसमोर हॅमिल्टनचे तुकडे करा. म्हणजे एक जण बुरखा घालून लढतोय आणि दुसरा दाराआडून माणसं पाठवतोय. मंत्रिमंडळात दोघं समोरासमोर बसत, पण तिथलं बोलणं आपल्यापर्यंत येतं ते बरंचसं जेफरसनच्याच टिपणांतून. भांडण ऐकायला बसावं आणि भिंतीपलीकडून एकाचाच आवाज यावा, तशी गत.

अ‍ॅडम्स–जेफरसनमध्ये ही कटकट नाही. तिथे खाली सही असते.

या दोघांची आधी मैत्री होती. 1786 मध्ये इंग्लंडात शेक्सपिअरच्या घरी जाऊन त्याच्या म्हणवल्या जाणाऱ्या खुर्चीची ढलपी काढून आणण्याइतकी. मग 1800 ची निवडणूक झाली, अ‍ॅडम्स हरला आणि जेफरसनच्या शपथविधीला न थांबता पहाटेच गावातून निघून गेला. 1804 मध्ये जेफरसनची मुलगी गेली, म्हणून अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सने नवऱ्याला न सांगता सांत्वनाचं पत्र लिहिलं. त्यातून सांत्वन बाजूला राहिलं आणि जुनी उणीदुणी निघाली. काही महिन्यांनी तिने तो सगळा पत्रव्यवहार नवऱ्यापुढे ठेवला. त्याने वाचला आणि खाली टीप लिहिली: हे माझ्या नकळत झालं, आत्ता इथे यावर मला काही म्हणायचं नाही. जन्मभर बडबड केलेल्या माणसाची ही दोन ओळींची टीप मला कॅमिलसच्या 38 लेखांपेक्षा जास्त सांगून गेली. आता हे काही मोजमाप नव्हे, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

1 जानेवारी 1812 ला अ‍ॅडम्सने अबोला मोडला. पत्रात म्हणाला, घरी विणलेल्या कापडाचे दोन नग पाठवतोय. नग म्हणजे त्याच्या मुलाच्या, जॉन क्विन्सीच्या व्याख्यानांचे दोन खंड. पण पत्र आधी पोचलं आणि पुस्तकं मागे राहिली. जेफरसनने ते खरंच कापड समजून व्हर्जिनियात घरोघरी कसं विणतात यावर मन लावून लिहून पाठवलं. अकरा वर्षांचा अबोला, आणि पहिलं उत्तर कापडावर!

पुढे 1813 मध्ये जेफरसनचं एक जुनं खाजगी पत्र इंग्लंडात छापून आलेलं अ‍ॅडम्सच्या नजरेस पडलं, त्यात अ‍ॅडम्सच्या विचारांना टोला होता. अ‍ॅडम्सने थेट विचारलं, जेफरसनने थेट सांगितलं: रोख तुमच्यावर नव्हता, तुमच्या बाजूच्या लोकांवर होता. पटतं की नाही ते आपण ठरवायचं, पण निदान दोघंही आपल्यासमोर बोलतात.

खोट आहेच. 1812 पासूनच्या 158 पत्रांत अ‍ॅडम्सची 109, जेफरसनची 49. काही ठिकाणी एक जण बोलतोय आणि दुसरा मान डोलावतोय असं वाटतं. ग्रीक, धर्मशास्त्र फार. आणि गुलामगिरीवर इतकं थोडं, की ते मौन टोचतं. बँक, कर्ज, केंद्र-राज्य यांत रस असेल, किंवा पैशाच्या क्षेत्रात काम करत असाल, तर हॅमिल्टनच घ्या; फक्त तक्ता आधीच तयार ठेवा.

नसेल तर 1812 च्या त्या कापडाच्या पत्रापासून सुरुवात करा. सगळी पत्रं फाउंडर्स ऑनलाइनवर फुकट आहेत, दोन-तीन रात्रींत लय सापडते. शेवटचं पत्र एप्रिल 1826 चं. जेफरसनचा नातू म्हाताऱ्या अ‍ॅडम्सला भेटून गेला होता. त्यावर नव्वदीतला, बुटका, गोलमटोल अ‍ॅडम्स लिहितो, की तुम्ही व्हर्जिनियावाले सगळे राक्षसांच्या कुळातले कसे हो, त्याच्याशेजारी आम्ही न्यू इंग्लंडवाले म्हणजे बुटबैंगण.