शोलेचं रामगड बघायचंय? रामनगर स्टेशनवरून रिक्षा करा

सोलापुरातल्या शोलेवेड्यांसाठी लिहितोय. रामनगरला जाणार असाल तर बंगळुरूतून टॅक्सीचं पॅकेज घेऊ नका. आम्ही एकाकडे चौकशी केली होती. डोंगराच्या पायथ्याशी अर्धा तास आणि उरलेला वेळ खरेदीच्या दुकानांत, असा त्याचा बेत. त्यापेक्षा उद्यान एक्सप्रेसने बंगळुरू गाठा, तिथून म्हैसूरकडची पॅसेंजर धरा. पन्नासेक किलोमीटर आहे.

स्टेशनबाहेर जे रिक्षावाले अण्णा भेटले त्यांना हिंदी बेताचंच येत होतं, पण आपलं सोलापुरी कानडी तिथं मस्त चाललं. अर्ध्या दिवसाचे ९०० रुपये ठरले आणि तेवढेच घेतले.

रामदेवरबेट्ट या डोंगराच्या पायऱ्या अण्णा आमच्याबरोबर चढले. ‘हाच सांबाचा दगड’ असं कुणीही ठोकून देईल. अण्णांची पद्धत वेगळी. पुतण्याच्या मोबाइलवर सीन लावायला सांगितला, गब्बरच्या मागे डोंगराची कड दिसते तिथं थांबवला, आणि मोबाइल डोळ्यांसमोर धरून आम्हाला चार पावलं डावीकडे, दोन मागे असं सरकवत राहिले. एका जागी पडद्यावरची कड आणि समोरची कड तंतोतंत जुळली. अंगावर काटा आला. आमच्या लहानपणी गणपतीच्या मांडवात गाण्यांऐवजी शोलेच्या संवादांची तबकडी लागायची. ते सगळं ज्या कातळांत घडलं तिथं उभा होतो मी!

गाव मात्र शोधू नका. ठाकूरची हवेली, पाण्याची टाकी, मंदिर, सगळा सेट होता. शूटिंग संपल्यावर तो काढला. १९७३ साली या माळावर अख्खं रामगड उभं केलं ते कलादिग्दर्शक राम येडेकरांनी. त्यांच्या नावाची पाटी मला तिथं कुठे दिसली नाही. ती हवी, आणि मोठी हवी. रेल्वेचा सीनही इथला नाही, तो आपल्या पनवेलजवळचा.

उरलेत ते खडक. सुमारे २५० कोटी वर्षांचा ग्रॅनाइट, पन्नास वर्षांत त्याचं काय बिघडणार? कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, म्हणून २०१२ पासून हे गिधाड अभयारण्य आहे. सगळीकडे चढू देत नाहीत, ते बरोबरच आहे. गब्बरचे डायलॉग तिथं ओरडू नका. एक टोळकं ओरडत होतं, त्यांना अण्णांनीच गप्प केलं. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना वरचे शंभर द्यायला गेलो, तर घेईनात.

आमचा धंदा टॉवेल-चादरींचा, त्यामुळे रेशीम कोषांचं मार्केट बघायचंच होतं. आशियातलं सर्वांत मोठं म्हणतात ते हेच. पिवळट-पांढऱ्या कोषांचे ढीग, हातात घेतला तर वजनच लागत नाही, आणि हलवला की आत किडा खुळखुळतो. सुताशी संबंध असलेल्या माणसाने हे चुकवू नये.

पाचपैकी पाच. सकाळी लवकर चढा, दगड तापले की हाल होतात. गुडघे दुखणाऱ्यांनी वरपर्यंत जायची गरज नाही, कड जुळते ती जागा अर्ध्या वाटेवरच आहे. भाकरी-शेंगाचटणी खालीच खाऊन घ्या, वर माकडं पिशवी ठेवत नाहीत.