पगार दोन, खाती किती?

सांगली-मिरज-कुपवाड या पट्ट्यात नवराबायको दोघेही कमावते असणे आता नवलाचे राहिलेले नाही. मात्र दोघांचे पगार एका ठिकाणी ठेवायचे, वेगवेगळे ठेवायचे की काही भाग एकत्र करायचा, ही चर्चा बहुतेक घरांत पहिले भांडण होईपर्यंत लांबणीवर पडते. हे भांडण घराच्या हप्त्यावरून क्वचितच होते. ते तीन हजारांच्या चपलांवरून किंवा मित्रांबरोबर केलेल्या जेवणाच्या बिलावरून होते. ज्यांना हा निर्णय लवकरच घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी येथे तीन पद्धती शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या आहेत.

उदाहरणादाखल असे घर धरू, की ज्यात नवऱ्याच्या हातात महिना 48,000 रुपये आणि बायकोच्या हातात 32,000 रुपये येतात. भाडे, किराणा, दूध, वीज, मुलाची फी, दुचाकीचा हप्ता आणि गावाकडे आईवडिलांना पाठवायची रक्कम असा सामाईक खर्च 45,000 रुपये आहे. म्हणजे दरमहा 35,000 रुपये उरतात. पद्धत कोणतीही निवडली तरी हा आकडा बदलत नाही. त्या 35,000 रुपयांवर कोणाचा शब्द चालतो, एवढेच बदलते.

पहिली पद्धत म्हणजे सगळे पैसे एकाच संयुक्त खात्यात. खरे तर ही आपल्याकडची जुनीच रीत आहे; पूर्वी खात्याच्या जागी कपाट होते आणि किल्ली सासूच्या कमरेला होती. हिशोब सोपा राहतो, शिल्लक दोघांनाही दिसते आणि एकाची नोकरी गेली तर घराला लगेच धक्का बसत नाही. अडचण अशी, की प्रत्येक लहान खर्च दुसऱ्याच्या नजरेखालून जातो. विचारणाऱ्याच्या मनात काही नसले तरी ‘हे सातशे कशाचे?’ हा प्रश्न ऐकणाऱ्याला झडतीसारखा वाटतो आणि मग माणूस पैसे दडवू लागतो.

माझ्या आईच्या हाती घरखर्च असे, पण स्वतःचे म्हणून काही नसे. नोव्हेंबर 2016 मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा तिने रांगोळीच्या डब्याच्या तळातून साडेअकरा हजार रुपये काढून वडिलांपुढे ठेवले. नोटांना पांढरी पूड लागली होती आणि ती एकेक नोट पदराने पुसत होती. वडील रागावले नाहीत. पण पैसे भरले गेले ते त्यांच्याच खात्यात, कारण तिच्या नावाचे खातेच नव्हते.

या पद्धतीत आणखी एक धोका आहे, ज्याकडे आपल्या भागात विशेष लक्ष द्यायला हवे. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ प्रकारच्या खात्यातून दोघांपैकी कोणीही सगळी रक्कम काढू शकतो, बँक दुसऱ्याला विचारत नाही. शिवाय पतसंस्थेच्या कर्जाला मित्राचा जामीन राहणे ही येथे जवळजवळ सामाजिक रीतच आहे. ते कर्ज थकले आणि वसुली जामीनदारापर्यंत आली, तर ज्या खात्यात बायकोचाही पगार पडतो ते खाते अडचणीत येऊ शकते.

दुसरी पद्धत ‘तुझे तुझ्याकडे, माझे माझ्याकडे’ अशी असून ती स्वतंत्र वाटते, पण वाटणी कशी होते यावर सारे अवलंबून आहे. वरच्या उदाहरणात खर्च निम्मा-निम्मा केला तर प्रत्येकी 22,500 रुपये जातात. नवऱ्याकडे 25,500 रुपये उरतात आणि बायकोकडे 9,500. उत्पन्नाच्या प्रमाणात, म्हणजे साठ-चाळीस केला, तर अनुक्रमे 21,000 आणि 14,000 उरतात. निम्मी वाटणी दिसायला समान असली तरी पगारांत इतके अंतर असताना मला ती न्याय्य वाटत नाही.

याहून मोठा घोटाळा खर्चांची विभागणी करताना होतो. नवरा फ्लॅटचा हप्ता भरतो, बायको किराणा आणि फी भरते, रकमाही सारख्याच असतात; दहा वर्षांनी नवऱ्याकडे फ्लॅट असतो आणि बायकोकडे किराण्याच्या पावत्या. म्हणून स्वतंत्र खाती ठेवायचीच असतील, तर निदान घराच्या दस्तावर दोघांची नावे असावीत. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हाही पर्याय तपासावा. दोघांपैकी एकाचा धंदा कर्जावर चालत असेल किंवा लग्न दुसरे असून आधीच्या जबाबदाऱ्या असतील, तर मी हीच पद्धत सुचवीन.

तिसऱ्या पद्धतीत घराचे एक सामाईक आणि प्रत्येकाचे एक अशी तीन खाती असतात. पगार सामाईक खात्यात येतात आणि तेथून दोघांच्या वैयक्तिक खात्यांत दरमहा ठरावीक आणि समान हातखर्च जातो. दोघांना चार-चार हजार दिले तर वरच्या घरात 27,000 रुपये बचतीला राहतात. पगारदार जोडप्यांपैकी बहुतेकांना हीच पद्धत मानवेल, असे माझे मत आहे. मात्र एकाचा पगार आणि दुसऱ्याची शेती असेल, तर ती आहे तशी उचलून चालत नाही.

वाळवा, पलूस, कडेगावकडची अशी घरे अनेकांच्या ओळखीची असतील. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो. ऊस तुटल्यावर 14 दिवसांत पैसे द्यावेत, असे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात असले तरी बिल हप्त्याहप्त्याने येण्याची शेतकऱ्याला सवय आहे. तासगावकडे बेदाणा भावाची वाट पाहत शीतगृहात पडून राहतो. तोवर घर बायकोच्या पगारावर चालते, आणि बिल आले की विकास सोसायटीचे पीककर्ज कापून उरलेली रक्कम ठिबकला, बोअरला किंवा ट्रॅक्टरच्या हप्त्याला जाते. पगार चुलीत जातो आणि उसाची मालमत्ता होते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, केवळ पैसे येण्याच्या वेळा वेगळ्या असतात. यावर उपाय असा, की बिल आले त्याच आठवड्यात त्यातील घराचा वाटा वेगळ्या बचत खात्यात टाकावा आणि त्याचा बारावा भाग दरमहा सामाईक खात्यात वळता करावा. 1,80,000 रुपये बाजूला ठेवले तर महिना 15,000 होतात आणि शेतकरी नवऱ्यालाही ‘पगार’ सुरू होतो.

हातखर्चाच्या रकमेइतकेच त्याचे नियम महत्त्वाचे आहेत. त्यात काय येते हे आधी लिहून काढावे. पार्लर, मित्रमैत्रिणींबरोबरचे खाणे, छंद, स्वतःच्या पसंतीची भिशी हे त्यात यावे. औषधे, कामावर जाण्याचे पेट्रोल आणि माहेरच्या किंवा सासरच्या लग्नांतील आहेर सामाईक खात्यातून जावेत. आहेर हातखर्चात ढकलला, की ज्याचे नातेवाईक जास्त तो गरीब होतो. उरलेली रक्कम पुढच्या महिन्यात ज्याची त्याच्याकडे राहावी. हिशोब अजिबात मागू नये. हिशोब द्यावा लागतो तो हातखर्च नव्हे, ती उचल झाली.

एकटाच कमावत असेल तरीही हातखर्च समानच असावा, या मतावर मी ठाम आहे. बायकोचे स्वतंत्र खाते हे पुण्या-मुंबईचे खूळ नव्हे. सातारा जिल्ह्यातील म्हसवडला 1997 मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, ती दुष्काळी माण तालुक्यात. 2024 मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपयेही थेट स्त्रीच्या खात्यात येतात, त्यामुळे पुष्कळ घरांत हे खाते आता आहेच. ते पैसे आले म्हणून तिचा हातखर्च तेवढ्याने कापू नये. कराच्या बाजूने एवढे लक्षात ठेवावे, की नवऱ्याने बायकोला दिलेल्या रकमेवर तिला कर लागत नाही. पण त्या रकमेची ठेव ठेवली तर तिचे व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरले जाते.

बँकेची कामे एका दिवसात होतात. प्रत्येक वैयक्तिक खात्याला नॉमिनी (नामनिर्देशित व्यक्ती) नेमावा. नॉमिनी नेमला म्हणजे तो पैशाचा मालक झाला असे नाही. बँकेतून रक्कम मिळणे तेवढे सोपे होते. बँकेतील ठेवींना प्रति ठेवीदार पाच लाखांपर्यंत विमा असतो आणि संयुक्त खाते वैयक्तिक खात्यापासून वेगळे धरले जाते. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही, त्यामुळे सामाईक बचत केवळ जादा व्याजासाठी तिकडे नेऊ नये.

आकडे वर्षातून एकदा बदलावेत. आमच्याकडे ते पाडव्याला, श्रीखंडाच्या वाट्या पुढ्यात असताना ठरतात. यंदा हातखर्च चार हजारांवरून साडेचार हजार झाला आणि आहेराची वरची मर्यादा काय असावी, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.