२००६ ची फोर्ड रेंजर, मिनेसोटाचा एक हिवाळा आणि मिठाशी झुंज

आधी गाडीची माहिती देते. फोर्ड रेंजर एक्सएलटी पिकअप, २००६, फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देता येतो अशी), ३ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, पाच गिअरची मॅन्युअल. ऑक्टोबरच्या शेवटी ४२०० डॉलरला घेतली तेव्हा मीटरवर १,५६,००० मैल होते. आज मे महिन्यात १,६१,४०० आहेत. म्हणजे एक अख्खा हिवाळा तिने माझ्या हाताखाली काढला.

मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉलमध्ये राहते आणि हॉस्पिटलात नर्स आहे. पहाटेची पाळी पावणेसातला सुरू होते. रात्रभरात एक फूट बर्फ पडला तरी रुग्ण तिथेच असतात आणि रात्रपाळीची मैत्रीण माझी वाट बघत थांबलेली असते, त्यामुळे "आज रस्ता बंद आहे" असं कळवून घरी बसता येत नाही. घरात एक चांगली हायब्रिड हॅचबॅक आहे. मागच्या हिवाळ्यात बर्फ ढकलणाऱ्या प्लाऊने आमच्या दारापुढे जो कडक ढिगारा करून ठेवला, त्यातून बाहेर काढताना तिचा पुढचा बंपर फाटला. तेव्हाच ठरवलं की हिवाळ्यासाठी वेगळी, जुनी, उंच गाडी हवी. पिकअपच घ्यायची, कारण तिच्या खाली वाकून हात घालता येतो, सुटे भाग स्वस्त आहेत आणि ओरखडा पडला तर जीव कासावीस होत नाही.

माझं माहेर रत्नागिरीचं. वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा इंजिन कसं आहे, ॲव्हरेज किती देते, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न, "खालून बघितलीस का?" आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज सडतात, सायकलची चेन महिन्याभरात तांबडी होते. होडी घेणारा माणूस आधी तिचा तळ ठोकून बघतो. मिनेसोटा समुद्रापासून शेकडो मैल दूर, पण इथे समुद्र रस्त्यावरच ओततात. बर्फ पडण्याआधी मिठवणी फवारतात आणि पडल्यावर खडेमीठ टाकतात. हे खारं पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला लागतं आणि पाच महिने तिथेच राहतं. म्हणून जुनी पिकअप घेताना खरी खरेदी चासीची, म्हणजे खालच्या पोलादी सांगाड्याची असते. इंजिन बिघडलं तर बदलता येतं. सडलेली चासी बदलायची म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त.

मिनेसोटात गाडीची वार्षिक तपासणी सक्तीची नाही. समोरची गाडी रस्त्यावर धावते आहे, यावरून ती धावण्याच्या लायकीची आहे असं धरून चालू नका. मी पाच गाड्या बघितल्या. त्यातली एक इतकी चकचकीत होती की मन तिच्यावरच बसलं होतं. खाली वाकले तर पोटाला नुकताच काळा डांबरासारखा थर मारलेला. सोबत आलेल्या मेकॅनिकने हातोडीच्या दांड्याने तीन-चार ठिकाणी ठोकलं. दोन ठिकाणी खणखणीत आवाज आला आणि मागच्या चाकाच्या वर भद्द. तिथे पेचकस टेकवला तर टोक आत गेलं. बाहेरून ती गाडी माझ्या रेंजरपेक्षा कितीतरी देखणी होती. ताजा काळा रंग दिसला की सावध व्हा. जुन्या गाडीचं पोट मळकट आणि तपकिरी असणं हेच प्रामाणिकपणाचं लक्षण.

माझ्या गाडीला दारांखालच्या पट्टीला गंजाचे फोड आहेत, हौद्याच्या कडा तांबड्या झाल्या आहेत, पण चासी ठोकल्यावर वाजते. तपासणीचे १२० डॉलर मेकॅनिकला आनंदाने दिले. त्याने दोन गोष्टी लिहून दिल्या: मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगचे) शॅकल आणि हँगर, म्हणजे त्यांना चासीशी जोडणारे भाग, गंजाने खाल्लेले आहेत, ते लगेच बदल; आणि मागच्या ब्रेकचा पाईप खवले धरतोय, तो हिवाळ्याआधी बदल. मी पहिलं काम केलं आणि दुसरं पुढे ढकललं.

ही माझी चूक होती आणि ती नीट सांगायला हवी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाळी संपवून पार्किंगमधून गाडी काढताना ब्रेक दाबला आणि पेडल तळाला गेलं. या गाडीत पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे मार्ग वेगवेगळे असतात, म्हणून पुढचे ब्रेक लागले आणि गाडी थांबली. मागे बर्फावर ब्रेक ऑइलचा पिवळट डाग. हेच हायवेवर झालं असतं तर, हा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना. टोइंग वेगळं, पाईपचे ४६० डॉलर वेगळे, शिवाय एक दिवस बुडाला. हिवाळाभरात गाडीमुळे बुडालेला तो एकच दिवस, आणि तोही गाडीच्या दोषाने नव्हे. १९ वर्षं मिठात राहिलेला पोलादी पाईप होता आणि मला आधी सांगितलेलं होतं.

आता बर्फातली चाल. रिकाम्या पिकअपचं बहुतेक वजन पुढे असतं आणि जोर मागच्या चाकांना मिळतो. नोव्हेंबरच्या पहिल्या बर्फात टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर असताना, एका साध्या वळणावर तिने शेपूट असं फिरवलं की मी समोरच्या फुटपाथकडे तोंड करून उभी. त्याच संध्याकाळी दुकानातून वाळूच्या पाच लांबट पिशव्या आणल्या, प्रत्येकी २७ किलोच्या, आणि मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर आडव्या टाकून पट्ट्यांनी बांधल्या. अगदी मागे, फाळक्यापाशी टाकू नका, त्याने पुढची चाकं हलकी होतात. बांधणंही महत्त्वाचं, कारण जोरात ब्रेक लागला तर ती पिशवी केबिनवर आदळते. पूर्ण हिवाळाभर त्या तिथेच होत्या. एकदा शेजाऱ्यांची गाडी अडकली तेव्हा एक पिशवी फोडून त्यांच्या चाकांखाली वाळू टाकली.

पण वाळू आणि फोर बाय फोर यांपेक्षाही फरक पडला तो टायरने. हिवाळी टायर घ्या, ज्याच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असतं. ७ अंश सेल्सिअसच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होत जातं, या टायरचं मऊ राहतं. २३५/७५ आर १५ मापाचे चार टायर ६४० डॉलरला पडले. गाडीच्या किमतीच्या मानाने हे जास्त वाटतं, मलाही वाटलं होतं. माझं मत आता पक्कं आहे: पैसे कमी असतील तर साधी टू-व्हील पिकअप घ्या, पण टायर हिवाळी घ्या. फोर बाय फोर निघायला मदत करतं, थांबायला अजिबात नाही. चढावर मला सहज पुढे टाकून गेलेल्या मोठ्या गाड्या पुढच्या उतारावर खड्ड्यात बघितल्या आहेत.

फोर बाय फोरचं बटण डॅशबोर्डवर आहे, गोल फिरवायचं. यात मधलं डिफरेन्शियल नाही, म्हणजे पुढची आणि मागची चाकं एकाच वेगाने फिरायला बांधली जातात. वळताना त्यांना वेगवेगळं अंतर कापावं लागतं. बर्फावर चाकं थोडी घसरून ते जुळवून घेतात, कोरड्या डांबरावर मात्र सगळा ताण दातऱ्यांवर येतो. म्हणून रस्ता मोकळा झाला की मी लगेच टू-व्हीलवर येते. ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीची मोटर गंजून अडकू नये म्हणून आता उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा ते मातीच्या रस्त्यावर फिरवणार आहे.

थंडीचं सांगते. जानेवारीत सलग चार दिवस पहाटे उणे २५ च्या खाली पारा होता. एवढ्या थंडीत साधं मीठही कामाचं नसतं, उणे ९ च्या आसपासच त्याचा जोर संपतो, त्यामुळे रस्ते नुसते काचेसारखे. गाडीला ब्लॉक हीटर, म्हणजे बंद इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर आहे हे घेताना विक्रेत्यालाही माहीत नव्हतं. पुढच्या जाळीमागे त्याची वायर गुंडाळलेली सापडली, प्लग तुटलेला. ३५ डॉलरची नवी वायर लावली, टायमर लावून पहाटे दोनला चालू होईल असं केलं. साडेपाचला चावी फिरवली की इंजिन जणू ऑक्टोबरच आहे असं चालू व्हायचं. बॅटरी मात्र जुनी ठेवू नका. तिच्यावर कोल्ड क्रँकिंगचा, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायच्या ताकदीचा जो आकडा असतो तो उणे १८ अंशांना मोजलेला असतो, आणि आमची पहाट त्याच्याही खाली जाते. पहिले दोन-तीन मैल दुसरा गिअर दगडासारखा जड पडतो. जबरदस्ती करायची नाही, हळू घालायचा. केबिन छोटी, त्यामुळे हीटर एकदा तापला की हायवेला लागेपर्यंत हातमोजे निघतात.

उणीव कुठली, तर सगळ्यात मोठी सुरक्षिततेची. या वर्षाच्या रेंजरमध्ये एबीएस आहे, पण गाडी घसरल्यावर सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही आणि बाजूच्या एअरबॅग नाहीत. दोन्ही २०१० पासून आल्या. मागच्या दोन घडीच्या सीट आडव्या तोंडाच्या आहेत, त्यांवर लहान मुलाची सीट बसत नाही. आमची मुलगी पाच वर्षांची आहे. ती या गाडीत बसत नाही, तिच्या बाबांबरोबर हायब्रिडने शाळेत जाते, आणि हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही. घरात एकच गाडी असेल आणि मुलं लहान असतील तर ही घेऊ नका.

पेट्रोलचं म्हणाल तर गॅलनला १५ ते १६ मैल. हायब्रिडची सवय असलेल्याला ते टोचतं.

जादा चाकाची एक गोष्ट आवर्जून तपासा. ते हौद्याखाली तारेने टांगलेलं असतं आणि दांडा घालून खाली सोडायचं असतं. माझ्या गाडीत ते यंत्र गंजून एकजीव झालेलं निघालं, चाक खाली येईचना. हे घरासमोर कळलं म्हणून बरं. रात्री हायवेच्या कडेला कळलं असतं तर चाक असून नसल्यासारखं. तार कापून काढली, चाक आता हौद्यात वाळूशेजारी बांधलेलं असतं.

हिशेब असा. गाडी ४२००, कर आणि नोंदणी सुमारे ४००, तपासणी १२०, टायर ६४०, शॅकल-हँगर ५२०, ब्रेक पाईप ४६०, सगळी तेलं आणि कूलंट २४०, बॅटरी १८०, गंजरोधक फवारा १५०, वायर ३५, वाळू ३५. एकूण ६९८० डॉलर, टोइंग सोडून. म्हणजे "चार हजारांची गाडी" पहिल्या हिवाळ्यात सात हजारांना पडते. घ्यायची असेल तर हातात किमतीच्या दीडपट रक्कम असू द्या आणि उरलेली रक्कम गाडीच्या दिसण्यावर घालवू नका.

तो गंजरोधक फवारा मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचा असतो. लांबून वास येतो, दोन आठवडे गाडी गोठ्यासारखी दरवळते. पण तो ओला राहतो, फटींत सरकतो आणि कडक थरासारखा गंजाला आत कोंडून ठेवत नाही. आमच्याकडे पावसाळ्याआधी होडीला तेल पाजतात तसंच. माझ्या वडिलांना फोटो पाठवला तेव्हा त्यांना पहिल्यांदा गाडी आवडली.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. चासी नंबरातलं अकरावं अक्षर कारखान्याचं असतं आणि माझ्या गाडीवर तिथे 'पी' आहे, म्हणजे ट्विन सिटीज कारखाना. तो इथेच सेंट पॉलमध्ये मिसिसिपीच्या काठी होता. १९२५ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०११ मध्ये शेवटची रेंजर बाहेर काढून बंद झाला. आता तिथे हायलँड ब्रिज नावाची वस्ती उभी राहते आहे आणि मी रोज पहाटे तिच्यावरूनच कामाला जाते. जिथे जन्मली तिथल्याच मिठात ती १९ वर्षं टिकली आहे, हे कळल्यापासून तिच्याकडे कामचलाऊ गाडी म्हणून बघवत नाही.

एप्रिलमध्ये शेवटचं मीठ वाहून गेल्यावर पोट खालून तासभर पाण्याने धुतलं, पाट्यांच्या मधल्या फटींतून अजून पांढरं पाणी येत होतं. उजव्या दाराखालच्या पट्टीला बोटाएवढं भोक पडलंय, ते जूनमध्ये कापून पत्रा जोडायचा आहे. पुढचा फवारा सप्टेंबरात. हँडब्रेकची केबल जड झाली आहे, ती मात्र या वेळी पुढे ढकलणार नाही, याच शनिवारी बदलते आहे.