सांवेर रोडची आरा मशीन आणि आमच्या अंगणातला शिरीष: तीन वर्षांनंतरचा अभिप्राय

आरा मशीनवर, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीत, पाडून घेतलेल्या फळ्या घरी आल्या त्याच दिवशी हा अभिप्राय लिहिला असता, तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं. पण कापलेलं लाकूड कसं निघालं हे कळायला दोन पावसाळे तरी जावे लागतात. आता त्या लाकडाचं जेवणाचं टेबल होऊन आठ महिने झालेत, रोज चार माणसं त्यावर जेवतात, म्हणून आता लिहिते.

2022 च्या जूनमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आधीच्या वादळात, इंदुरात रामबागेतल्या आमच्या घरामागचा शिरीष मुळासकट कलला आणि भिंतीवर येऊन टेकला. परवानगीसाठी निगमाकडे अर्ज केला. मध्य प्रदेशात शहरातल्या झाडाला हात लावायचा तर 2001 च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी ती चुकत नाही. तो कागद जपून ठेवा. पुढे आरा मशीनवाल्याने पहिली गोष्ट मागितली ती हीच, आणि मला ते आवडलं. 1984 च्या काष्ठ चिरान कायद्यापासून आपल्याकडे आरा मशीन परवान्यावर चालतात, आलेल्या लाकडाची नोंद ठेवावी लागते. कागद न बघता ओंडका आत घेणारा माणूस मला नकोच होता.

झाड तोडायला आलेल्या लोकांनी सगळ्या लाकडाचे चार हजार सांगितले, जळणाच्या भावाने. “सिरस है बहनजी, इसका क्या बनेगा?” शेजारच्या काकांचंही तेच मत. आमच्या इंदुरात लाकूड म्हणजे सागवान. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, हे बघत आपण मोठे झालो. 1984 च्या आगीत त्यातलं किती गेलं तेही घराघरात बोललं जातं. सागवान चांगलं आहेच, प्रश्न सागवानाचा नाही. पण अंदमानात ज्याला कोको म्हणतात आणि युरोपच्या बाजारात जे ‘ईस्ट इंडियन वॉलनट’ या नावाने विकलं गेलं, ते लाकूड म्हणजे हाच शिरीष. हे मला आमच्या सुतारकाकांनी सांगितलं. त्यांनी बुंध्याच्या कापावर पाणी मारलं आणि मला जवळ बोलावलं. बाहेर चार बोटं पांढरट पट्टा आणि आत अक्रोडासारखा गडद तपकिरी गाभा, त्यात काळसर रेषा. “ताई, हे चुलीत घालू नका,” एवढंच ते म्हणाले. त्या क्षणी ठरलं.

ओंडके दोन निघाले. मोठा नऊ फुटांचा, मधोमध घेर 64 इंच. लहान पाच फुटांचा, घेर 48. फांद्या मी सोडून दिल्या. फांदी वाढते आडवी, तिच्या अंगात जन्मभराचा ताण असतो, आणि फळी पाडली की तो ताण सुटून फळी धनुष्यासारखी वाकते. मोठा ओंडका अर्ध्या टनाचा असेल. सहा जणांनी फळीवरून लोटत तो छोटा हाथी टेम्पोत चढवला. भाडं 1800 रुपये, आणि सगळ्या कामात मला सर्वात जास्त भीती वाटली ती याच अर्ध्या तासात.

आरा मशीन सांवेर रोडच्या औद्योगिक भागात आहे. उभा पट्ट्याचा आरा, खाली रुळांवरची ट्रॉली. चिराईचा, म्हणजे फळ्या पाडायचा, दर घनफुटाला 70 रुपये होता. मोजणी कशी करतात हे आधी समजून घेतलं नाही तर आपल्याला फसवलं असं उगाच वाटतं. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले फुटांतली लांबी, भागिले 144. आमच्या मोठ्या ओंडक्याचं झालं सोळा गुणिले सोळा गुणिले नऊ भागिले 144, म्हणजे सोळा घनफूट. लहान ओंडक्याचं पाच. एकूण एकवीस, 1470 रुपये. वर्तुळाच्या हिशोबाने मोठ्या ओंडक्याचं घनफळ वीसच्या थोडं वर जातं. ही चौथ्या भागाची रीत सुमारे एकवीस टक्के सोडून देते, कारण साल, टोकाकडचा उतार आणि भुसा यांत तेवढं जाणारच असतं. चिराईचे पैसे या कमी आकड्यावर लागतात, म्हणजे इथे रीत गिऱ्हाइकाच्या बाजूची आहे. टेप माझ्या हातात देऊन मालकांनी मलाच मोजायला लावलं, याचे त्यांना पूर्ण गुण.

आता आरा चालवणाऱ्या मिस्त्रींबद्दल. माणूस हातचा पक्का. पण त्यांची सवय सागवानाची: आधी चारी बाजू काढून ओंडका चौरस करायचा, मग चौकटीच्या मापाचे तुकडे. मला तसं नको होतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ फळ्या पाडायच्या, कडेच्या सालीसकट, जाडी दीड इंच. पहिल्यांदा ते नाही म्हणाले, पुढे कोणीच घेत नाही असं म्हणाले. मी म्हटलं, मी घेणार आहे. मग त्यांनी जे केलं त्याचं मला फार कौतुक वाटलं. ओंडका तीनदा फिरवून बघितला, वाकलेली बाजू कुठे आहे ते खडूने आखलं आणि म्हणाले, झाड घराकडे झुकलेलं होतं ना? हो, झुकलेलंच होतं. वरच्या बाजूचं लाकूड ताणातलं असतं, तिथून काप घेतला तर पातं धरून ठेवतं आणि तोंडाला लोकरीसारखे तंतू उठतात. त्यांनी काप असा घेतला की ताण असलेली बाजू एकाच कडेच्या दोन फळ्यांत गेली. त्या दोन फळ्या खरंच वाकल्या, आणि बाकीच्या सात सरळ राहिल्या.

पट्ट्याच्या आऱ्याचा काप जेमतेम एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जातो. मी आधी चेनसॉला लावायची चौकट विकत घेऊन घरीच फळ्या पाडायच्या विचारात होते. एका ओळखीच्या शेतावर तिचं काम चाललेलं पाहिलं. दर कापाला तीन सूत लाकूड भुसा होऊन जमिनीवर. आमच्या ओंडक्यातून नऊ फळ्या निघाल्या, म्हणजे मधले आठ काप. प्रत्येक कापाला दोन सूत जास्त धरले, तर दोन इंच, म्हणजे एक अख्खी फळी हवेत गेली असती. ओंडका जिथून हलवता येत नाही तिथे ती चौकट उपयोगी आहे. शहरात जिथे गाडी पोचते तिथे आरा मशीनच बरी.

चौथ्या कापाला पातं किंचाळलं. मिस्त्रींनी लगेच मागे घेतलं. आत खिळा होता, सालीपासून चार बोटं खोल. आमच्याकडे कपडे वाळत घालायची तार त्याच झाडाला बांधलेली असायची, मी शाळेत होते तेव्हापासून. तार कधीच गेली, खिळा झाडाने गिळला. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा मेळ झाला की शाईसारखा निळा-काळा डाग पडतो. त्या खिळ्याभोवती डागाचा पट्टा वर-खाली जवळजवळ फूटभर पसरला होता, मध्ये गडद आणि दोन्ही टोकांना निमुळता, पेटलेल्या वातीसारखा. पात्याला धार लावायचे तीनशे रुपये वेगळे लागले. ते मला मान्य आहेत, पात्याचं नुकसान आमच्या खिळ्याने झालं होतं. पण हा खर्च आधी सांगितला नव्हता. अंगणातलं झाड नेणार असाल तर तो आधीच विचारा, आणि ओंडक्यावर घरीच धातुशोधक यंत्र फिरवून घ्या. शहरातल्या झाडात खिळे असतातच, केबलवाल्यांचे, मांडवाचे, पाट्यांचे.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. काम दोन दिवस चाललं. पहिल्या दिवशी पाडलेल्या तीन फळ्या त्यांनी रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आऱ्याच्या अंगणात भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या. जुलैचा मध्य, पावसाने उघडीप दिलेली, कडक ऊन. मी पोचले तेव्हा एकीच्या टोकाला बोटभर भेग गेली होती आणि दुसरी खोलगट झाली होती, पसरट ताटासारखी. ओलं लाकूड टोकांकडून कितीतरी पट वेगाने पाणी सोडतं, आणि वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते गाभ्याकडच्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. एका तोंडाला ऊन आणि दुसऱ्याला भिंतीचा ओलावा, मग वाकणारच. मालक म्हणाले, आमचं काम कापायचं, सांभाळायचं तुमचं. शब्दशः ते बरोबर असेल, पण तीन फळ्या सावलीत आडव्या ठेवायला दोन माणसांची पाच मिनिटं लागली असती. म्हणून माझा सल्ला: एका दिवसात संपेल एवढंच लाकूड न्या, आणि शेवटची फळी गाडीत चढेपर्यंत तिथून हलू नका.

टोकांना रंग मी ओंडका पडला त्याच संध्याकाळी लावला होता, घरात उरलेला ऑइल पेंट. लहान ओंडक्याचं एक टोक मात्र भिंतीच्या बाजूला होतं, तिथे हात पोचला नाही. त्या टोकाला पाच इंच भेगा गेल्या, रंगवलेल्या टोकांना दीड इंचसुद्धा नाहीत. एवढी साधी गोष्ट, आणि जळणात जाणारं निम्मं लाकूड याच चुकीने जातं असं मला आता वाटतं.

घरी मागच्या ओसरीत विटांवर सपाट पाया केला. दर दीड फुटावर एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या, प्रत्येक थरात बरोबर एकीवर एक. एक पट्टी सरकली तरी फळी तिथे झोल खाते. सर्वात वर फरशीचे जुने तुकडे, वजनाला. वाऱ्याला वाट, उन्हाला बंदी. बाहेरच्या पांढऱ्या भागाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी दोनदा मारलं, कारण शिरीषाच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असतं आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना तेच हवं असतं. खालच्या लहान तुकड्यांना मारायचं राहिलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांच्याखाली बारीक पीठ पडू लागलं, टाचणीच्या टोकाएवढी भोकं. ते तुकडे बंबात घातले. गाभ्याला काही झालं नाही.

लाकूड सुकलं की नाही हे कळायला मी एका फळीचा दीड फुटाचा तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर महिन्याला मोजायचे. वहीत नोंद आहे. कापल्या दिवशी दोन किलो चारशे ऐंशी ग्रॅम. पहिल्या मे महिन्यात सोळाशे नव्वद. 2023 च्या नोव्हेंबरात सोळाशे पन्नास, आणि मग हलेना. पुढच्या पावसाळ्यात तेच वजन चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमनी वर गेलं आणि दिवाळीनंतर परत खाली आलं. म्हणजे लाकूड मेलं तरी हवेतलं पाणी घेत-सोडत राहतं. टेबलाची वरची फळी सुतारकाकांनी म्हणूनच खिळ्याने जखडली नाही, खालच्या पट्टीत लांबट खाचा ठेवल्या. या पावसाळ्यात ती रुंदीत जवळपास एक सूत फुगली आणि कुठेही चिरली नाही.

रंधा मारताना मात्र नाकातोंडाला फडकं बांधा. शिरीषाचा भुसा नाकाला झोंबतो. सुतारकाका दिवसभर शिंकत होते आणि त्यांच्यासाठी मास्क मी दुसऱ्या दिवशी आणला, पहिल्या दिवशी आणायला हवा होता. त्याची मला अजून टोचणी आहे.

सगळा खर्च सांगते. सुतारकाम सोडलं तर गाडी, चिराई, पात्याचे तीनशे आणि बोरॅक्स मिळून पाच हजारांच्या आत. त्यात सहा माणसांचं टेबल, दोन बाकं आणि देवघराचा पाट झाला. एवढं सागवान घ्यायला गेलं तर घनफुटाचा भावच हजारांत असतो.

मिस्त्रींना दहापैकी नऊ देईन. आऱ्याच्या जागेला पाच, त्या उन्हातल्या फळ्यांमुळे. गुलमोहर घेऊन तिथे जाऊ नका, तो ठिसूळ आहे, भाडंही वसूल होणार नाही. आंबा नेणार असाल तर पडल्यावर आठवड्यात न्या, उशीर झाला की निळसर बुरशीचे डाग आतपर्यंत जातात. जांभूळ, बाभूळ, कडुनिंब खुशाल न्या.

आमच्या मावशीचा सुदामानगरातला कडुनिंब परवाच्या वाऱ्यात पडला. फोन आला तेव्हा पहिलं सांगितलं, मावशी, दोन्ही टोकांना आजच रंग फास, भिंतीकडच्या टोकालाही. परवानगीचा कागद हातात आला की तो त्याच मिस्त्रींकडे जाणार आहे, आणि फळ्यांवर झाकायला दोन ताडपत्र्या आम्ही घरूनच नेणार आहोत.